घाटाखालचे दोन प्रदेश: कोकणची भूरचना, तेथील शासकीय विभाग आणि फर्दापूर परिसरास त्यापासून मिळणारा बोध

शेतीची सुधारणा करू इच्छिणाऱ्या प्रत्येकास आपल्या भूमीची ओळख असणे अगत्याचे आहे. पाऊस कोठून येतो, पडलेले पाणी कोठे जाते, माती कशापासून झाली, हे जसे जाणले पाहिजे, तसेच आपले गाव कोणत्या मंडळात, तालुक्यात, जिल्ह्यात व विभागात मोडते हेही जाणले पाहिजे. पहिली गोष्ट निसर्गाने ठरविलेली असते, तर दुसरी माणसाने. या दोहोंचा मेळ बसला म्हणजे विकासाची कामे सुरळीत होतात आणि तो न बसल्यास एकाच ओढ्यावरची कामे निरनिराळ्या कचेऱ्यांत अडकून पडतात.

या दृष्टीने कोकण प्रदेशाचा अभ्यास उद्बोधक आहे. फर्दापूर, सोयगाव या भागातील वाचकांस असे वाटणे साहजिक आहे की, समुद्रकाठच्या मुलखाशी आपला काय संबंध? परंतु तोही घाटाखालचा प्रदेश आहे आणि आपलाही. तेथे घाट सह्याद्रीचा, येथे अजिंठ्याच्या डोंगराचा. त्याही पुढे जाऊन असे म्हणता येईल की, फर्दापूरच्या शिवारातून वाहून जाणारे पाणी अखेर ज्या समुद्रास मिळते, त्याच अरबी समुद्राच्या काठी कोकण वसलेले आहे.

कोकणची भूरचना

सह्याद्रीची मुख्य रांग आणि अरबी समुद्र यांच्यामधील अरुंद पट्टीस कोकण असे म्हणतात. महाराष्ट्राच्या वाट्यास आलेला समुद्रकिनारा सुमारे ७२० कि.मी. लांबीचा आहे. पट्टीची रुंदी सर्वत्र सारखी नाही. बहुतेक ठिकाणी ती ३० ते ६० कि.मी. भरते आणि उत्तरेकडे ती अधिक रुंद होते. कोकण विभागाचे क्षेत्रफळ सुमारे ३०,७०० चौ. कि.मी. आहे, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाचा साधारण दहावा भाग.

या पट्टीचे लोकव्यवहारात दोन भाग मानले जातात. समुद्रालगतच्या सखल भागास खलाटी व डोंगराकडील उंचसखल भागास वलाटी असे नाव आहे. खलाटीत नारळ-सुपारीच्या बागा, भातखाचरे, मिठागरे व खाजणे आढळतात. वलाटीत भातखाचरांबरोबर डोंगरउतारावरच्या वरकस जमिनी असून त्यांत नाचणी, वरी यांसारखी पिके घेतली जातात.

दगडमातीच्या दृष्टीने पाहिल्यास कोकणचे उत्तर व दक्षिण असेही दोन भाग पडतात. उत्तरेस, म्हणजे पालघर, ठाणे व रायगड या बाजूस, आपल्याकडल्यासारखाच काळा पाषाण आहे. दक्षिणेस रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत जांभा दगड व त्यापासून झालेली तांबडी माती विशेष आढळते. या मातीतून पाण्याचा निचरा फार लवकर होतो. म्हणूनच हापूस आंबा व काजू ही झाडे तेथे चांगली मानवली. कृषी खात्यानेही हा भेद मान्य केलेला आहे. राज्याचे जे नऊ कृषिहवामान विभाग पाडण्यात आले आहेत, त्यांत दक्षिण कोकणचा जांभ्या जमिनीचा आणि उत्तर कोकणचा बिगर जांभ्या जमिनीचा असे दोन स्वतंत्र विभाग आहेत.

पावसाचे मान व त्यातील विरोधाभास

नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून येऊन सह्याद्रीस अडतात. वर चढताना ते थंड होतात व पाऊस पडतो. यामुळे कोकणात वर्षाकाठी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. सह्याद्री ओलांडून आलेल्या वाऱ्यांत ओलावा कमी उरतो. आपल्या जिल्ह्याची वार्षिक सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, याचे मुख्य कारण हेच.

असे असूनही ठाणे जिल्ह्यातील शहापूर व पालघर जिल्ह्यातील मोखाडा, जव्हार या तालुक्यांतील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरचे पाणी प्यावे लागते. शहापूर तालुक्यातच भातसा व तानसा ही मुंबईस पाणी पुरविणारी मोठी धरणे आहेत, ही गोष्ट लक्षात घेतल्यास हा विरोधाभास अधिकच जाणवतो. याची कारणे शोधू जाता दोन दिसून येतात. पहिले असे की, जमिनीचा उतार तीव्र व खडक कठीण असल्यामुळे पडलेले पाणी काही तासांत समुद्राकडे निघून जाते. दुसरे असे की, धरणातील पाणी कोणी व किती वापरावे, हे धरण कोणत्या गावाच्या हद्दीत आहे यावरून ठरत नाही. यावरून शेतकरी बंधूंनी एवढे ध्यानात घ्यावे की, पुष्कळ पाऊस पडणे ही एक गोष्ट आहे आणि पाणी हाताशी असणे ही दुसरी.

कोकणच्या नद्या

वैतरणा, उल्हास, पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, गड, कर्ली व तेरेखोल या कोकणातील प्रमुख नद्या होत. या सर्व नद्या आखूड व वेगवान आहेत. मुखाशी भरतीचे खारे पाणी आत शिरते व खाडी तयार होते.

सह्याद्रीचा माथा हा येथे जलविभाजक आहे. माथ्याच्या पूर्वेस पडलेले पाणी गोदावरी, भीमा, कृष्णा या नद्यांतून शेकडो कोस दूर बंगालच्या उपसागरास जाते. पश्चिमेस पडलेले पाणी अरबी समुद्रास मिळते. हाच माथा बऱ्याच अंशी जिल्ह्यांची व विभागांचीही सीमा आहे. रायगड व पुणे, रत्नागिरी व सातारा, सिंधुदुर्ग व कोल्हापूर या जिल्ह्यांच्या सीमा बहुतेक ठिकाणी घाटमाथ्याने जातात. म्हणजे कोकणात पाण्याची सीमा व कारभाराची सीमा या पुष्कळशा एकरूप झाल्या आहेत.

याला अपवादही आहेत. वैतरणा नदीचा उगम नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराच्या परिसरात होतो आणि तिच्यावरील ऊर्ध्व वैतरणा धरण इगतपुरी तालुक्यात आहे. दक्षिणेस तिलारी प्रकल्पाचे धरण दोडामार्ग तालुक्यात असून त्याचे पाणी महाराष्ट्र व गोवा ही दोन राज्ये वाटून घेतात. कोयनेचे उदाहरण तर सर्वांत ठळक आहे. कोयना नदी निसर्गतः कृष्णेस मिळणारी; परंतु तिचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस पोफळी येथे नेऊन त्यावर वीज निर्माण केली जाते आणि नंतर ते वाशिष्ठी नदीत सोडले जाते. सातारा जिल्ह्यात साठविलेले पाणी अशा रीतीने चिपळूण तालुक्यात उतरते. अशा प्रसंगी दोन खोरी, दोन जिल्हे किंवा दोन राज्ये यांना करार करून, हिशेब ठेवून काम करावे लागते.

कोकणचे शासकीय विभाग

आजमितीस कोकण महसूल विभागात सात जिल्हे आहेत. विभागीय आयुक्तांचे कार्यालय नवी मुंबईत बेलापूर येथील कोकण भवनात आहे. जिल्हे व त्यांतील तालुके पुढीलप्रमाणे आहेत.

(१) पालघर — तालुके ८: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा.

(२) ठाणे — तालुके ७: ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर.

(३) मुंबई शहर — या जिल्ह्यात तालुके नाहीत.

(४) मुंबई उपनगर — तालुके ३: अंधेरी, बोरीवली, कुर्ला.

(५) रायगड — तालुके १५: अलिबाग, पेण, उरण, पनवेल, कर्जत, खालापूर, सुधागड, रोहा, मुरुड, तळा, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, महाड, पोलादपूर.

(६) रत्नागिरी — तालुके ९: मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर.

(७) सिंधुदुर्ग — तालुके ८: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग.

ही रचना एकाएकी झालेली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये जव्हार, जंजिरा व सावंतवाडी ही संस्थाने विलीन होऊन अनुक्रमे ठाणे, कुलाबा व रत्नागिरी या जिल्ह्यांत समाविष्ट झाली. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले तेव्हा बृहन्मुंबई, ठाणे, कुलाबा व रत्नागिरी एवढेच जिल्हे या पट्टीत होते. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीच्या दक्षिण भागाचा सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९० मध्ये मुंबईचे शहर व उपनगर असे दोन जिल्हे झाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा काढण्यात आला.

या विभाजनांमागील हेतू शेतकऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. सावंतवाडीच्या शेतकऱ्यास जिल्ह्याच्या कचेरीत जाण्यासाठी पूर्वी रत्नागिरीपर्यंतचा दीडशे कि.मी.चा प्रवास करावा लागे. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांवर गेली होती व देशात तो सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. शहरांच्या या गर्दीत मोखाड्याच्या आदिवासी शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकू येणे कठीण होते. कचेरी जवळ यावी, हा सीमा बदलण्यामागील मुख्य विचार होय.

खारभूमीचे उदाहरण

पाण्यास अनुसरून कारभार कसा बांधता येतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण कोकणातील खारजमिनींचे आहे. खाडीकाठच्या सखल जमिनीत भरतीचे खारे पाणी शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात. पावसाचे साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडण्यासाठी बांधात उघाडी ठेवतात. उघाडीची झडप भरतीच्या पाण्याने मिटते व ओहोटीस उघडते. पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन गेले म्हणजे या जमिनीत खाऱ्या मातीस मानवणारी भाताची वाणे घेतली जातात.

एका बांधाच्या आड बहुधा एकापेक्षा अधिक गावांची जमीन असते. बांधास एका ठिकाणी खांड पडली, तर पाणी गावाची शीव पाहून थांबत नाही. सर्व खाचरे खारी होतात व त्यांना पुन्हा पिकाऊ होण्यास काही हंगाम जावे लागतात. या कारणाने मुंबई राज्यात १९४८ मध्ये खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला व पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम संमत झाला. या कामांत गाव हे एकक न धरता बांधाखालील संपूर्ण क्षेत्राची योजना हे एकक धरले जाते. निसर्गाने ज्यांना एका बांधाने बांधले, त्यांचा विचार कारभारानेही एकत्र करावा, असे हे तत्त्व आहे.

आता आपला घाट पाहू

फर्दापूर हे गाव अजिंठा डोंगराच्या उत्तर पायथ्याशी, सोयगाव तालुक्यात आहे. या डोंगराचा दक्षिणेकडील उतार सौम्य असून उत्तरेकडील बाजू एकदम तुटलेली आहे. सिल्लोडच्या पठारावरील बहुतांश पाणी पूर्णा नदीतून गोदावरीस व पुढे बंगालच्या उपसागरास जाते. वाघूर नदी मात्र पठाराच्या कडेस उगम पावून अजिंठा लेण्यांजवळ सातकुंडांच्या धबधब्याने खाली उतरते, फर्दापूरजवळून खानदेशात जाते व तापीस मिळते. तापीचे पाणी सुरतेजवळ अरबी समुद्रास पोहोचते. वाटेत वाघूर धरणात साठलेल्या पाण्यावर जळगाव शहराची तहान भागते.

समुद्राशी या डोंगराचे नाते फार जुने आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शूर्पारक येथील पूर्ण या व्यापाऱ्याच्या कथेचे चित्र असून त्यात भर समुद्रातील जहाज दाखविलेले आहे. शूर्पारक म्हणजे वसई तालुक्यातील आजचे सोपारा. दीड हजार वर्षांपूर्वी या दरीत काम करणाऱ्या चित्रकारांस कोकणचे बंदर परके नव्हते, हे यावरून दिसते.

आता कारभाराची बाजू पाहावी. फर्दापूरचा प्रदेश पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या वेळी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. शेजारचा जळगाव जिल्हा, म्हणजे पूर्वीचा पूर्व खानदेश, मुंबई इलाख्यात होता व आज तो नाशिक विभागात मोडतो. १९८१ मध्ये आपल्या जिल्ह्यातून जालना जिल्हा निराळा झाला आणि २०२३ मध्ये जिल्ह्यास छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. परंतु सोयगावची उत्तर सीमा जुनी संस्थानी सीमाच राहिली आहे. कोकणात घाटमाथा ही सीमा आहे. आपल्याकडे मात्र सीमा घाट उतरून खाली मैदानात गेली आहे.

याचा परिणाम असा की, वाघूर नदीच्या खोऱ्याचा वरचा काही भाग सिल्लोड तालुक्यात, मधला सोयगाव तालुक्यात व खालचा जळगाव जिल्ह्यात आहे. एका नदीसाठी दोन जिल्हे व दोन महसूल विभाग झाले. फर्दापूरहून जळगाव साठ कि.मी.च्या आत आहे, तर जिल्ह्याचे ठिकाण सुमारे १०० कि.मी. दूर व घाट चढून आहे. कृषी विद्यापीठाच्या बाबतीतही मराठवाड्याचे म्हणून परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपले होय. ते व कोकणचे दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ ही दोन्ही १९७२ मध्ये स्थापन झाली. दापोलीचे कार्यक्षेत्र निसर्गाच्या सीमेशी जुळते. परभणीच्या कार्यक्षेत्रात मात्र गोदावरीच्या खोऱ्याबरोबर आपला हा तापीच्या खोऱ्यातील तुकडाही येतो.

सीमा बदला, असे सांगण्याचा येथे मुळीच हेतू नाही. सीमा इतिहासाने ठरतात व त्यांच्याशी लोकांच्या भावना व व्यवहार जोडलेले असतात. प्रश्न आहे तो असलेल्या सीमांत राहून पाण्याचा विचार कसा करावयाचा हा.

ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन नकाशे असावेत. एक गाव नकाशा, ज्यात शीव, गट क्रमांक, रस्ते व पाणंदी दाखविलेल्या असतात. दुसरा पाणलोटाचा नकाशा, ज्यात ओढे, नाले, त्यांचे उगम व उतार दाखविलेले असतात. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेने राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभाजन केलेले आहे. आपले गाव त्यांपैकी कोणत्या क्षेत्रात येते, याची नोंद दप्तरी ठेवावी. हे दोन्ही नकाशे एकमेकांशेजारी टांगल्यास कोणता ओढा कोणत्या गावातून येतो व कोणत्या गावात जातो, हे ग्रामसभेत कोणासही बोट ठेवून दाखविता येईल.

दुसरी गोष्ट, कामाचा क्रम माथ्याकडून पायथ्याकडे असावा. डोंगरउतारावर समतल चर व झाडांची लागवड, त्याखाली बांधबंदिस्ती, नंतर नाल्यात माती किंवा दगडाचे बांध व शेवटी सिमेंटचा बंधारा, असा हा क्रम आहे. वरची माती न अडविता खाली बंधारा बांधल्यास तो थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरतो. आपल्याकडे वरचा उतार पुष्कळदा वनखात्याच्या ताब्यात असतो किंवा दुसऱ्या तालुक्यात असतो. म्हणून आराखडा करतानाच वनखाते व वरच्या गावची ग्रामपंचायत यांना बोलवावे. काम अडल्यावर बोलावण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, महसूल मंडळाचे महत्त्व ओळखावे. चोवीस तासांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी समजली जाते आणि ही नोंद मंडळातील पर्जन्यमापकावर घेतात. पीक विम्यातही प्रमुख पिकांसाठी सामान्यतः मंडळ हेच एकक असते. डोंगराच्या पायथ्याशी एका शिवारात ढग कोसळावा व चार कोसांवरील मापक कोरडा राहावा, असे घडू शकते. अशा वेळी कपाशी वा मक्याचे नुकसान झालेल्या शेतकऱ्याने वेळ न दवडता विहित मुदतीत तलाठी कार्यालय व कृषी कार्यालय यांना कळवून पंचनामा करून घ्यावा. पाहणीच्या वेळी पिकाची अवस्था, पेरणीची तारीख व गट क्रमांक यांची माहिती हाताशी असावी. ई-पीक पाहणीची नोंद वेळच्या वेळी केलेली असल्यास पुढील अडचण टळते.

चौथी गोष्ट, कोणते काम कोणत्या कचेरीचे, याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. कारभाराच्या दोन शिड्या आहेत. महसुलाची शिडी गाव, सजा, मंडळ, तालुका, उपविभाग, जिल्हा व विभाग अशी चढते. विकासाची शिडी ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची असून ती १ मे १९६२ पासून राज्यात सुरू आहे. सातबाऱ्यातील दुरुस्तीसाठी पहिल्या शिडीवर जावे लागते, विहिरीच्या किंवा पाणंद रस्त्याच्या मागणीसाठी पुष्कळदा दुसऱ्या. चुकीच्या शिडीवर चढलेल्या शेतकऱ्याचे दिवस फुकट जातात व हंगाम निघून जातो. हे टाळणे ग्रामसेवकाच्या हाती आहे.

पाचवी गोष्ट, नदीच्या वरच्या व खालच्या गावांनी वर्षातून निदान एकदा, पावसाळ्यापूर्वी, एकत्र बसावे. त्यासाठी जिल्ह्याची सीमा आड येण्याचे कारण नाही. कोकणात एका बांधाआडची गावे उघाडी दुरुस्त करण्यासाठी एकत्र येतात, कारण न आल्यास सर्वांचीच खाचरे बुडतात. वाघूरच्या काठी संकट इतके उघड दिसत नाही. ते हळूहळू येते. वरची माती सुटते, नाल्यात गाळ साचतो, विहिरींची पातळी उतरते आणि मग शेजारच्या गावाने पाणी अडविले म्हणून भांडणे लागतात. भांडण लागण्यापूर्वी नकाशा पुढे ठेवून बोलणे झाल्यास पुष्कळ हित साधेल.

कोकणात अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडूनही पाडे तहानलेले राहतात आणि खाऱ्या पाण्याच्या काठीही बांध घालून भात पिकविता येते, या दोन्ही गोष्टी आपण पाहिल्या. आपल्या वाट्यास पाऊस थोडा आला आहे व सीमा आडवळणाची आली आहे. तेव्हा मोजमाप, नोंद आणि शेजारधर्म या तिन्हींची गरज आपणांस अधिक आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवारातील ओढ्याचा उगम प्रत्यक्ष पाहून यावा व त्याच्या काठावरील सर्व गावांची यादी तयार करावी. कामास येथूनच आरंभ होतो.